आकडा आणि त्याची तळटीप
(भाषिक आकडेवारीच्या संदर्भनिर्देशाविषयी)

१

भारतीय साहित्यांच्या अभ्यासात अवतरण आणि आकडा ह्या दोहोंना आपण सारखा मान देत नाही. एखाद्या ओवीचा अर्धा चरण उद्धृत करावयाचा झाला तरी संशोधक प्रत कोणती, संपादक कोण, पाठभेद कोणते ह्यांची नोंद तळटिपेत काटेकोरपणे करतो. तोच संशोधक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ‘मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची भाषा आहे’ असे लिहितो आणि तळटिपेत ‘जनगणना अहवाल’ एवढे दोनच शब्द ठेवून पुढे जातो. अहवाल कोणत्या सालचा, कोष्टक कोणते, त्या कोष्टकात ‘मराठी’ ह्या नावाखाली काय मोजले आहे, ह्यांपैकी काहीच वाचकाला कळत नाही. परीक्षकही ओवीचा पाठ चुकला तर शेरा मारतात. आकड्याकडे मात्र सहसा पाहत नाहीत.

ह्या दुर्लक्षाचे कारण उघड आहे. शब्द हे आपले क्षेत्र, आकडे हे दुसऱ्या कोणाचे, अशी आपली समजूत असते. परके म्हणून आपण ते तपासत नाही आणि शासकीय म्हणून ते निर्विवाद मानतो. वस्तुतः आकड्याला तळटिपेची गरज अवतरणापेक्षा अधिक आहे. अवतरण चुकीच्या पानावर दाखविले तरी त्याची भाषा, त्याचा छंद, त्याचा आशय ह्यांवरून जाणकार त्याचा माग काढू शकतो. आकड्याच्या अंगावर अशी एकही खूण नसते. तो कोणी मोजला, काय विचारून मोजला, कशात धरला आणि कशातून वगळला, हे सांगणारी टीप सुटली की तो कोणत्याही विधानाच्या पदरी बांधता येतो. म्हणून आकड्याची तळटीप केवळ आधार दाखविण्यापुरती नसते. ती आकड्याचा अर्थ पुरा करते. प्रस्तुत लेखात ह्या विधानाची छाननी भारतीय जनगणनेतील भाषाविषयक आकड्यांच्या आधारे करावयाची आहे, कारण साहित्याच्या अभ्यासकाला वारंवार लागणारे आणि त्याच्याकडून वारंवार चुकणारे आकडे मुख्यतः तेच होत.

२

पहिले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘भारतात १६५२ भाषा बोलल्या जातात’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, प्रस्तावनांत व अध्यक्षीय भाषणांत इतक्या वेळा आले आहे की त्याला आधार विचारणे अशिष्टपणाचे वाटावे. आधार १९६१ च्या जनगणनेचा आहे. आकडा खरा आहे. वाक्य खरे नाही. त्या जनगणनेने १६५२ ‘मातृभाषा’ नोंदविल्या, आणि जनगणनेच्या परिभाषेत मातृभाषा म्हणजे लोकांनी आपल्या बोलण्याला दिलेले नाव. त्या नावांत एकाच भाषेची स्थलपरत्वे व समाजपरत्वे पडलेली भिन्न नावे आहेत, परदेशी भाषांची नावे आहेत, आणि ज्यांच्यापुढे एखाददुसऱ्याच माणसाची नोंद आहे अशीही नावे आहेत. ह्या नावांची भाषांखाली व भाषाकुलांखाली मांडणी कशी केली, ह्याचे विवेचन आर. सी. निगम ह्यांनी १९७२ साली जनगणनेच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या ग्रंथमालेतील आपल्या ग्रंथात केले आहे. ‘मातृभाषा’च्या जागी ‘भाषा’ हा शब्द घातला की ते सारे वर्गीकरण वाचकाच्या दृष्टीआड होते.

येथवर ही चूक परिभाषेची म्हणता येईल. परंतु पुढची पायरी गंभीर आहे. १९७१ पासून जनगणनेने दहा हजारांहून कमी भाषकसंख्येच्या भाषा व मातृभाषा स्वतंत्रपणे प्रसिद्ध करणे थांबविले. त्यांची संख्या ‘इतर’ ह्या रकान्यात जाऊ लागली. परिणामी १९६१ च्या यादीत सोळाशेंहून अधिक नावे आणि त्यानंतरच्या याद्यांत शंभराच्या जरा वर भाषा, असे चित्र दिसू लागले. हे दोन आकडे टिपेवाचून शेजारी शेजारी मांडले की दहा वर्षांत दीड हजार भाषा नष्ट झाल्या असा निष्कर्ष निघतो, आणि तो काढलाही गेला आहे. त्यांतल्या अनेक भाषा त्या वेळी जिवंत होत्या. बदलला होता तो प्रसिद्धीचा नियम. उलट पक्षी, त्या ‘इतर’च्या अंधारात एखादी लहान भाषा खरोखरच संपली असेल तर कोष्टक पाहून ते कोणालाही कळणार नाही. एका अपुऱ्या टिपेमुळे जिवंत भाषेचे श्राद्ध घातले जाते आणि मरणाऱ्या भाषेची वार्ताही लागत नाही. ज्या समाजाचे साहित्य अद्याप मौखिक आहे त्याच्या बाबतीत ही गोष्ट तपशिलाची म्हणून सोडून देता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेतही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या व १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली. दहा हजार वा अधिक भाषक असलेल्या मातृभाषा २७० भरल्या, आणि त्यांची १२१ भाषांखाली विभागणी झाली. त्यांपैकी २२ आठव्या अनुसूचीतील व ९९ अनुसूचीबाहेरच्या. म्हणजे ‘भारतात भाषा किती?’ ह्या प्रश्नाला एकाच जनगणनेतून निदान पाच संख्या उत्तरादाखल देता येतात, आणि प्रत्येक संख्या आपापल्या पायरीवर बरोबर असते. ह्याशिवाय ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणातील १७९ भाषा व ५४४ बोली आहेत. परंतु त्या सर्वेक्षणाच्या क्षेत्रात मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने नव्हती. गणेश देवी ह्यांच्या नेतृत्वाखाली २०१० नंतर झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषा सांगितल्या. तेथे दहा हजारांची अट नव्हती. ह्यांपैकी कोणता आकडा घ्यावा हे संशोधकाच्या प्रश्नावर अवलंबून राहील. पण जो घेतला त्याची पायरी टिपेत सांगितलीच पाहिजे.

३

दुसरा मुद्दा रकान्याच्या शीर्षकाचा. २०११ साली हिंदीची भाषकसंख्या ५२.८३ कोटी दिली आहे. ह्या शीर्षकाखाली पन्नासांहून अधिक मातृभाषा एकत्र केलेल्या आहेत. स्वतःची मातृभाषा ‘हिंदी’ म्हणूनच नोंदविणारे ३२.२२ कोटी आहेत. उरलेल्यांत भोजपुरीचे सुमारे ५.०६ कोटी, राजस्थानीचे सुमारे २.५८ कोटी, तसेच छत्तीसगढी, मगही इत्यादींचे भाषक येतात. भोजपुरी लोकगीतांवर लिहिणाऱ्याने भोजपुरीचा आकडा स्वतंत्र घ्यावा आणि हिंदीचा मात्र ५२.८३ कोटी घ्यावा, तर भोजपुरी माणूस दोनदा मोजला जातो. एकत्रीकरण योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. तळटिपेचे काम वाद मिटविण्याचे नाही. वाद कोठे आहे तेवढे दाखविले तरी तिने आपले कर्तव्य केले.

मराठीच्या अभ्यासकांनीही ह्या बाबतीत निश्चिंत राहण्याचे कारण नाही. २०११ मधील मराठीची भाषकसंख्या ८,३०,२६,६८० आहे. बोलींचा विचार करणारे आपले ग्रंथ हा आकडा देऊन लगेच मराठीच्या बोली म्हणून अहिराणी व मालवणी ह्यांचे वर्णन करतात. परंतु जनगणनेत अहिराणी ही ‘खानदेशी’ ह्या स्वतंत्र भाषेखाली आहे. खानदेशीचे भाषक सुमारे १८.६ लाख असून ते मराठीच्या आकड्यात नाहीत. मालवणी हे नाव कोकणीखाली घातलेले आहे. ज्या अहिराणी वा मालवणी भाषकाने प्रगणकाला ‘मराठी’ असे उत्तर दिले तो मराठीत गेला, ज्याने बोलीचे नाव सांगितले तो दुसरीकडे गेला. ह्या विभागणीला इतिहास आहे. ग्रीअर्सनच्या सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात नसून भिल्ली भाषांच्या खंडात (१९०७) आहे. कोकणी मात्र तेथे मराठीच्या खंडात (१९०५) मराठीची बोली म्हणून आली आहे. पुढे १९९२ साली कोकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. म्हणजे ग्रीअर्सनची ‘मराठी’ आणि २०११ ची ‘मराठी’ ह्या एकाच नावाच्या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने हे सांगितले नाही तर त्याची वजाबाकी व्यर्थ आहे.

शीर्षकाबरोबर प्रदेशही सांगावयास हवा. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११.२४ कोटी, त्यांत मराठी मातृभाषा नोंदविणारे सुमारे ७.७५ कोटी. ‘अकरा कोटी मराठी भाषक’ हा सभासंमेलनांतील लाडका आकडा राज्य आणि भाषा ह्यांची गल्लत करून तयार होतो. त्या गल्लतीत महाराष्ट्रातील अन्यभाषक मराठी ठरतात, आणि कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण, गोवा आदी प्रदेशांतील मिळून सुमारे ५५ लाख मराठी भाषक हिशेबातून गळतात. बृहन्महाराष्ट्रातील मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला हे गळणे परवडणारे नाही.

४

कोष्टकालाही पाठभेद असतात, हे साहित्याच्या अभ्यासकाला लवकर पटावे. १९९१ च्या जनगणनेत हिंदीची भाषकसंख्या सुमारे ३३.७३ कोटी प्रसिद्ध झाली. पुढे २००१ च्या अहवालातील तुलनात्मक कोष्टकात त्याच १९९१ सालासाठी त्याच हिंदीचा आकडा सुमारे ३२.९५ कोटी छापला आहे. मधल्या काळात कोणी नवी मोजणी केली नाही. घटनेच्या ब्याण्णवाव्या दुरुस्तीने (२००३) मैथिली आठव्या अनुसूचीत आली. तोवर हिंदीखाली असलेले मैथिलीचे सुमारे ७७ लाख भाषक त्यामुळे वेगळे काढण्यात आले. दोन्ही आकडे अधिकृत आहेत, दोन्ही ‘१९९१ ची हिंदी’ आहेत. तळटिपेत केवळ ‘जनगणना १९९१’ लिहिणारा संशोधक कोणता पाठ वाचत होता, हे ओळखण्याचा मार्ग नाही. म्हणून मोजणीचे वर्ष आणि ज्या अहवालातून आकडा घेतला त्याचे वर्ष, ही दोन्ही लिहिली पाहिजेत.

कोष्टकाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेल्या टिपा हा ह्या पाठचिकित्सेचा दुसरा भाग. १९५१ साली पंजाब, पेप्सू, दिल्ली व हिमाचल प्रदेश ह्या भागांत भाषिक तणावामुळे हिंदी, उर्दू, पंजाबी व पहाडी ह्यांची संख्या एकत्रच दाखविली गेली. त्या सालचा पंजाबीचा स्वतंत्र आकडा त्या प्रदेशापुरता काढताच येत नाही. १९८१ साली आसामात जनगणना होऊ शकली नाही, म्हणून त्या सालचा असमियाचा आकडा पूर्ण नाही. त्याच सालची तमिळनाडूची भाषाविषयक कागदपत्रे पुरात नष्ट झाल्याने तमिळचा आकडा अपुरा राहिला. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झाली नाही, त्यामुळे काश्मीरीच्या रकान्यात पोकळी आहे. मूळ कोष्टकातील अशी टीप आपल्या तळटिपेत उतरवून घेणे हे संशोधकाचे कर्तव्य होय. तिथे ती नसली, तर पुराने नेलेले कागद तमिळ भाषेच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून वापरले जाण्यास वेळ लागत नाही.

५

आता प्रश्नाकडे वळू. कारण प्रत्येक आकडा हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. १८९१ च्या जनगणनेने मातापित्यांची भाषा विचारली, १९०१ ने नेहमी वापरात असलेली भाषा विचारली. अलीकडच्या जनगणनांत मातृभाषा म्हणजे बालपणी आईने त्या व्यक्तीशी बोललेली भाषा. आई लहानपणीच वारली असल्यास त्या घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. स्थलांतरित कुटुंबात ह्या तीन प्रश्नांची तीन उत्तरे येऊ शकतात. दशकामागून दशके एकाच आलेखावर मांडणाऱ्याने प्रश्न बदलल्याची नोंद दिली नाही तर तो समाजाचा नव्हे, प्रश्नावलीचा इतिहास लिहीत असतो.

शिवाय उत्तर हे उत्तर देणाऱ्याचे असते. संस्कृत मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या १९७१ मध्ये २,२१२, १९८१ मध्ये ६,१०६, १९९१ मध्ये ४९,७३६, २००१ मध्ये १४,१३५ आणि २०११ मध्ये २४,८२१ अशी आहे. कोणत्याही भाषेचे घरगुती संक्रमण दहा वर्षांत आठपट वाढून पुढच्या दहा वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून खाली उतरत नाही. हे आकडे मुखातील भाषेपेक्षा मनातील निष्ठेविषयी अधिक बोलतात, आणि त्या दृष्टीने ते मोलाचेही आहेत. मात्र ‘संस्कृत बोलणारे’ असे न लिहिता ‘संस्कृत मातृभाषा म्हणून नोंदविणारे’ असे लिहावे. शब्दांचा हा फरक संहितेतच करावा, तळटिपेवर ढकलू नये. त्याच न्यायाने, मराठी मातृभाषा असलेले ८.३० कोटी असले तरी दुसरी वा तिसरी भाषा म्हणून ती जाणणारे धरल्यास संख्या सुमारे ९.९ कोटी होते. ‘मराठी जाणणारे’ आणि ‘मराठी मातृभाषा असणारे’ ह्यांची कोष्टकेही वेगळी आहेत.

टक्केवारीची गोष्टही अशीच. २००१ ते २०११ ह्या दशकात मराठी भाषक सुमारे ७.१९ कोटींवरून ८.३० कोटींवर गेले, म्हणजे १५.४ टक्के वाढले. त्याच दशकात देशाच्या लोकसंख्येतील मराठीचा वाटा ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आला. एक वक्ता पहिला आकडा घेऊन मराठीचा उत्कर्ष सांगतो, दुसरा दुसरा आकडा घेऊन ऱ्हास सांगतो. दोघांच्याही टिपेत ‘जनगणना २०११’ असते. देशाची लोकसंख्या त्या काळात १७.७ टक्क्यांनी वाढली हे तिसरे वाक्य दोघांपैकी एकानेही दिलेले नसते. टक्केवारी देताना ती कशाची टक्केवारी, हे लिहिल्यावाचून टीप पुरी होत नाही.

६

साहित्याच्या क्षेत्रात आपण स्वतः जे मोजतो त्यालाही हेच नियम लागू आहेत. शं. ग. दाते ह्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वरून एखाद्या दशकातील कादंबऱ्यांची संख्या काढता येते, पण पुनर्मुद्रणे धरली की वगळली, अनुवाद व रूपांतरे कोठे घातली, वर्ष मुखपृष्ठावरचे घेतले की सूचीतले, हे सांगितले नाही तर दुसरा अभ्यासक तीच सूची घेऊन निराळी संख्या काढील, आणि दोघांपैकी कोण चुकले हे ठरविता येणार नाही. स्वतः केलेल्या गणनेची टीप ही सर्वांत लांब असावी, कारण तिच्यामागे कोणतेही कार्यालय उभे नसते.

उसन्या आकड्यांविषयी एक स्पष्ट नियम पाळावा. मूळ कोष्टक न पाहता एखाद्या ग्रंथातून आकडा घेतला असेल तर त्या ग्रंथाचा पृष्ठांक देऊन ‘तेथे उद्धृत’ असे लिहावे. मूळ अहवालाचे नाव परस्पर लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या हस्तलिखिताचा पाठ पाहिल्याचे सांगणे होय. १६५२ चे वाक्य इतकी वर्षे टिकले ते ह्याच सवयीमुळे: प्रत्येकाने जनगणनेचा हवाला दिला, पण आकडा घेतला आधीच्या लेखकाकडून.

७

मग आकड्याच्या तळटिपेत काय असावे? मोजणारी संस्था व मोजणीचे वर्ष. प्रकाशनाचे नाव व वर्ष. कोष्टकाचा क्रमांक व शीर्षक. रकान्याची व्याख्या व प्रदेश. कोष्टकाखालील मूळ टीप. आणि बेरीज, टक्केवारी वा पूर्णांकन लेखकाने केले असल्यास तसा उल्लेख. अहवाल संकेतस्थळावरून घेतला असेल तर पाहिल्याची तारीखही द्यावी, कारण तेथील कोष्टक बदलले तर जुना पाठ मागे राहत नाही. उदाहरणार्थ, आरंभी उल्लेखिलेल्या वाक्याची टीप अशी होईल: ‘भारताची जनगणना २०११, भाषाविषयक अहवाल (२०१८ चा पेपर १), कोष्टक सी-१६, मातृभाषेनुसार लोकसंख्या. संपूर्ण भारत, मराठीखाली वर्गीकृत मातृभाषांची बेरीज. खानदेशी (अहिराणीसह) व कोकणी (मालवणीसह) ह्यांचा समावेश नाही.’ चार ओळींची ही टीप छापावयास फार जागा घेत नाही. ती लिहिताना मात्र कोष्टक उघडून पाहावे लागते, आणि तिचा खरा उपयोग तोच आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आकड्याचा अर्थ उलटा होईल अशी अट असेल तर ती तळटिपेत लपवू नये. तिची जागा संहितेत, आकड्याच्या शेजारीच. वाचक सर्व टिपा वाचीत नाही, आणि आकडे उचलून नेणारा तर मुळीच वाचीत नाही.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली २०११ ची भाषाविषयक आकडेवारी अपेक्षेपेक्षा अधिक काळ उद्धृत होत राहिली आहे. जुना आकडा वापरणे हा दोष नव्हे; तो जुना असल्याचे न सांगणे हा दोष होय. पुढील गणनेची कोष्टके येतील तेव्हा त्यांची तुलना आज लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांतील आकड्यांशी केली जाईल. त्या वेळी एखादी भाषा वाढली, घटली की केवळ दुसऱ्या रकान्यात गेली, हे सांगण्यासाठी पुढच्या अभ्यासकाच्या हाती आपल्या तळटिपाच असतील.